नागपुरातल्या हॉलसाठी मोठा टीव्ही: पॅनेल कसं निवडायचं

मोठा टीव्ही घ्यायचा ठरला असेल तर दुकानात जाण्याआधी एक काम घरीच करा. दुपारी साडेतीन-चारला, टीव्ही जिथे लागणार आहे त्या भिंतीसमोर, रोज बसता त्याच जागी बसा आणि उजेड कुठून येतो ते बघा. पश्चिमेला गॅलरी आहे का? समोरच्या इमारतीच्या पांढऱ्या भिंतीवरून ऊन आत फेकलं जातं का? पडदे ओढल्यावर खरंच अंधार होतो की नुसता पिवळा प्रकाश पसरतो? मग हेच रात्री दिवे लावून बघा आणि ट्यूबलाइट नेमकी समोरच्या भिंतीवर आहे का तेही पाहून ठेवा. कोणतं पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, घ्यावं, याचं अर्ध्याहून जास्त उत्तर इथेच मिळतं.

हे आग्रहाने सांगतो, कारण शोरूममध्ये खिडक्या नसतात, वरून पांढरे दिवे सारखे जळत असतात आणि प्रत्येक टीव्ही ब्राइटनेस पूर्ण वाढवून, रंग भडक करून ठेवलेला असतो. तिथे जो सगळ्यात झगझगीत दिसतो तोच चांगला वाटतो. घरी आणल्यावर मात्र तो तुमच्या उजेडात, तुमच्या कोनातून दिसणार असतो.

पायरी १: अंतर आणि आकार

बसण्याच्या जागेपासून भिंतीपर्यंत टेपने मोजा. ४के चित्रासाठी सोपा हिशेब असा: पडद्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट अंतर आरामाचं. ५५ इंचांसाठी सात फूट, ६५ साठी आठ, ७५ साठी साडेनऊ फूट. मनीषनगर-बेसा भागातल्या नव्या टू बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लावला तरी अंतर बहुतेक नऊ-दहा फुटांच्या आत राहतं, म्हणजे ६५ इंच तिथे मुळीच जास्त नाही. पण घरात दिवसभर साध्या, एचडी नसलेल्या वाहिन्या चालत असतील तर मोठ्या पडद्यावर तेच चित्र धुरकट दिसेल हे आधीच लक्षात घ्या. तसं असेल तर टीव्हीसोबत सेट टॉप बॉक्सचं पॅकही बदलावं लागेल.

रुंदीही बघा. ६५ इंची पडदा जवळपास १४४ सेंटीमीटर रुंद आणि ८१ सेंटीमीटर उंच असतो, ७५ इंची १६६ सेंटीमीटर रुंद. शिवाय ७५ इंची टीव्हीचा खोका सहा फुटांच्या आसपास लांब येतो आणि तो उभाच न्यायचा असतो, आडवा झोपवायचा नाही. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांचे जिने आणि वळणं, किंवा तुमच्या इमारतीची छोटी लिफ्ट, हे सगळं बुकिंगआधी मोजलेलं बरं. जुन्या वाड्याची माती-विटांची भिंत असेल तर भिंतीवर टांगण्याचा हट्ट सोडा. टेबल स्टँड वापरा आणि त्याचे पाय युनिटवर मावतात का तेवढं तपासा, कारण बऱ्याच मोठ्या टीव्हींचे पाय पार दोन्ही टोकांना असतात.

पायरी २: पॅनेल समजून घ्या

दुकानात चार नावं कानावर पडतील: एलईडी, क्यूलेड, मिनी एलईडी, ओलेड. यातले पहिले तीन मुळात एकाच जातीचे, म्हणजे एलसीडी. चौथा पूर्ण वेगळा. ऐकायला नावं सारखी वाटतात म्हणून हा फरक पहिल्यांदा पक्का करा.

एलसीडीमध्ये पडदा स्वतः प्रकाश देत नाही. मागे एलईडी दिवे असतात आणि त्यांच्यापुढचे द्रवस्फटिक खिडकीच्या झडपांसारखे उघडझाप करून प्रत्येक ठिपक्यातून किती प्रकाश बाहेर सोडायचा ते ठरवतात. अडचण अशी की झडप पूर्ण मिटली तरी थोडा प्रकाश झिरपतोच. त्यामुळे रात्रीच्या प्रसंगातलं आकाश काळं न दिसता राखाडी दिसतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत एलसीडीत ज्या सुधारणा झाल्या, त्यातल्या बऱ्याचशा हा झिरपा आवरण्यासाठीच आहेत.

झडपांचे दोन मुख्य प्रकार आहेत, व्हीए आणि आयपीएस. व्हीए घट्ट मिटते. तिच्यात पांढऱ्या आणि काळ्यातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, ३००० ला १ किंवा त्याहून जास्त मिळतो. आयपीएसमध्ये तो १००० ला १ च्या घरात राहतो, पण बाजूला बसलेल्यालाही रंग तसेच दिसतात. व्हीएचे रंग बाजूने फिके पडतात, खालून किंवा वरून बघितलं तरीही. काही महागड्या व्हीए टीव्हींवर कोन वाढवणारा थर बसवलेला असतो, पण त्यात थोडा कॉन्ट्रास्ट कमी होतो.

आपल्या घरी टीव्ही बघायची पद्धत इथे आठवा. आजी दिवाणावर, आईबाबा सोफ्यावर, मुलं खाली चटईवर, आणि मॅच असली की शेजारचे दरवाजाजवळच्या खुर्च्यांवर. तुमच्याकडे रोज असंच असेल तर कोन ही चैनीची गोष्ट राहत नाही. तो पहिला निकष होतो. दोघंच समोर बसून बघत असाल तर डोळे मिटून व्हीए घ्या. कंपन्या पॅनेलचा प्रकार खोक्यावर क्वचितच लिहितात आणि एकाच मॉडेलच्या ५५ आणि ६५ इंचांत वेगळं पॅनेल असू शकतं. म्हणून तुम्हाला हव्या त्याच आकाराचा टीव्ही समोर लावून बघायचा.

आता क्यूलेड. यात मागचे दिवे निळे असतात आणि मध्ये क्वांटम डॉटचा थर असतो. डॉट म्हणजे काही नॅनोमीटरचे स्फटिक, जे निळ्या प्रकाशाचं रूपांतर शुद्ध लाल आणि हिरव्यात करतात. स्फटिकाचा आकार बदलला की रंग बदलतो. याच कणांच्या शोधासाठी आणि ते तयार करण्याच्या पद्धतीसाठी मुंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रंगांत फरक खरोखर दिसतो, झेंडूची रास आणि लाल शालू नीट वेगळे उठून येतात. पण काळा रंग सुधारण्याशी क्वांटम डॉटचा संबंध नाही. क्यूलेड लिहिलेला टीव्ही मागच्या दिव्यांच्या बाबतीत अगदी साधा असू शकतो. म्हणून दुकानदार म्हणाला, "दादा, हा घ्या, क्यूलेड आहे," तर पुढचा प्रश्न लगेच विचारा: लोकल डिमिंग आहे का, आणि किती झोनचं?

लोकल डिमिंग म्हणजे मागचे दिवे गटागटाने कमीजास्त करणं; असा एकेक गट म्हणजे झोन. चित्राच्या ज्या भागात अंधार आहे तिथले दिवे मंद होतात, जिथे उजेड आहे तिथले तेज होतात. दिवे फक्त कडेला असतील तर हे जमत नाही म्हटलं तरी चालेल. दिवे संपूर्ण पडद्यामागे पसरलेले असतील तर जमतं, पण नुसते पसरलेले असून उपयोग नाही, ते वेगवेगळे मंद करता आले पाहिजेत. मिनी एलईडीत दिवे फार बारीक आणि हजारोंच्या संख्येत असल्यामुळे झोन शेकड्यांत नेता येतात, वरच्या मॉडेलमध्ये हजारांत. एलसीडीमधली ही माझ्या मते सगळ्यात कामाची सुधारणा आहे. त्रुटी एवढीच की एका झोनमध्ये हजारो ठिपके येतात, त्यामुळे काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती किंवा अंधाऱ्या प्रसंगातल्या पांढऱ्या सबटायटलभोवती हलकं वलय दिसतं. झोन जितके जास्त आणि त्यांचं नियंत्रण जितकं चांगलं, तितकं वलय कमी. मिनी एलईडी असं लिहून झोन मोजकेच दिलेले टीव्हीही बाजारात आहेत, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका.

ओलेडमध्ये मागे दिवाच नाही. ४के पडद्यावरच्या ८३ लाख ठिपक्यांपैकी प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा दाखवायचा असेल तेव्हा पूर्ण विझतो. १९८७ मध्ये कोडॅक कंपनीच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी या तंत्राचा पाया घातला आणि २०१३ पासून ५५ इंची ओलेड टीव्ही विकायला आले. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायला आज याच्या तोडीचं दुसरं काही नाही, हे मी मनापासून म्हणतो. काळा रंग अस्सल काळा, वलय शून्य, हालचाल स्वच्छ, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरूनही रंग जवळपास तसेच.

याच्या मर्यादा आपल्या हॉलच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पडद्याचा छोटा भाग उजळायचा असेल तर ओलेड भरपूर तेज देतो, पण अख्खं दृश्यच उजळ असेल तर वीज आणि उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी तो एकूण तेज कमी करतो. जामठ्याच्या स्टेडियममधली भर दुपारची कसोटी, पांढरे कपडे, उन्हातलं मैदान: नेमकं असं दृश्य, आणि वर तुमच्या हॉलमध्येही ऊन. तिथे चांगला मिनी एलईडी सरळ पुढे जातो.

ओलेडमध्येही दोन जाती आहेत. एकात पांढरा प्रकाश देणारे ठिपके आणि वर रंगीत फिल्टर, दुसऱ्यात निळा प्रकाश आणि क्वांटम डॉट, ज्याला क्यूडी-ओलेड म्हणतात. क्यूडी-ओलेडचे रंग जास्त खुलतात. पण खोलीत उजेड असला की त्याचा काळा रंग किंचित जांभळट-राखाडी दिसू लागतो. शोरूममध्ये हे सहज दिसेल, बंद असलेला टीव्ही दिव्याखाली बघा.

आणि बर्न-इन. एकच स्थिर चित्र तासन् तास, महिनोन् महिने एकाच जागी राहिलं तर तिथले ठिपके लवकर झिजतात आणि त्याची पुसट छाया कायमची राहते. सिनेमे, मालिका, कधीमधी मॅच अशा मिश्र वापरात याची फार धास्ती नको. पण ज्या घरात सकाळी चहापासून रात्री झोपेपर्यंत एकच मराठी वृत्तवाहिनी चालू असते, खाली तीच पट्टी, कोपऱ्यात तोच लोगो, त्या घरात मी ओलेड सुचवणार नाही.

मायक्रो एलईडी आणि २०२५ पासून दिसू लागलेले आरजीबी मिनी एलईडी यांची नावंही ऐकाल. पहिलं सामान्य खिशाच्या पार बाहेर आहे, दुसरं नवं आहे. त्यांच्यासाठी थांबून राहायचं कारण नाही.

पायरी ३: आपल्या घराचा निर्णय

दिवसा उजेड येणारा हॉल, संध्याकाळी बातम्या, रविवारी क्रिकेट, अधूनमधून सिनेमा: नागपुरातल्या बहुसंख्य घरांचं वर्णन हेच. इथे व्हीए पॅनेलचा, पुरेशा झोनचा मिनी एलईडी क्वांटम डॉटसह घ्या. बैठक फार पसरलेली असेल तर कोन सांभाळणारं मॉडेल शोधा आणि त्यासाठी थोडा काळा रंग सोडायची तयारी ठेवा.

टीव्ही वेगळ्या खोलीत किंवा बेडरूममध्ये आहे, बघणं रात्रीचं आणि मुख्यतः चित्रपट-मालिकांचं आहे, तर ओलेड. त्यासाठी ६५ ऐवजी ५५ इंचांवर यावं लागलं तरी मी यायला सांगेन.

बजेट मिनी एलईडीपर्यंत पोहोचत नसेल तर लोकल डिमिंग नसलेला साधा व्हीए टीव्ही घ्या, आकार हवा तो घ्या आणि एचडीआरच्या जाहिरातीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. एचडीआर म्हणजे उजळ भाग खूप उजळ आणि अंधारे भाग खोल. त्याला तेज लागतं आणि डिमिंग लागतं. ३०० निट्सच्या (निट म्हणजे तेजाचं माप) आसपासच्या पडद्यावर एचडीआर फक्त ओळखला जातो, दिसत नाही. सहाशे-आठशेच्या पुढे फरक जाणवू लागतो, हजारावर तो सहज कळतो. डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) हवं असेल तर लक्षात ठेवा की सॅमसंगचे टीव्ही ते देत नाहीत, ते एचडीआर१०प्लस देतात. एवढ्या एका कारणावरून चांगलं पॅनेल सोडू नये.

रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, ते विचारताना "पॅनेलचा मूळ रेट किती" असंच विचारा, कारण मोशन रेट वगैरे नावांखाली मोठे आकडे सांगितले जातात. १२० हर्ट्झचा एक खरा फायदा म्हणजे सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा त्यात बरोबर पाच पटीत बसतो, ६० मध्ये तो असमान वाटला जातो आणि कॅमेरा हळू फिरताना हिसके जाणवतात. घरात गेम खेळणारं कोणी असेल तर १२० हर्ट्झ चालवणारा एचडीएमआय २.१ पोर्टही बघा. साउंडबारसाठी ई-आर्क पोर्ट, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणारा, मात्र सगळ्यांनीच बघावा. एप्रिल ते जून आपल्याकडे हॉलमध्ये कूलर घोंघावत असतो आणि पातळ टीव्हीच्या खालच्या बाजूला असलेल्या स्पीकरचे संवाद त्यात बुडून जातात. पॅनेलवर खर्च करताना साउंडबारचे पैसे बाजूला काढूनच हिशेब मांडा.

पायरी ४: दुकानात काय बघायचं

सीताबर्डी, सदर, धरमपेठ, जिथे जाल तिथे शक्यतो सकाळी गर्दी नसताना जा. सेल्समनला दोन मिनिटं निवांत मिळतात आणि रिमोट तुमच्या हातात येतो. सोबत घरचं एक माणूस न्या, दुसऱ्या कोनात उभं करायला.

पहिली विनंती: स्टोअर मोड काढून होम मोड लावा आणि पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर करा. चित्र एकदम पिवळट आणि मंद वाटेल. डोळ्यांना पाच मिनिटं द्या. माणसांच्या चेहऱ्याचा रंग याच मोडमध्ये खरा असतो.

दुसरं, कंपनीची डेमो क्लिप बंद करायला सांगा. काळ्या पार्श्वभूमीवरची चमचमती फुलं आणि मासे कोणत्याही टीव्हीवर छानच दिसतात. पेन ड्राइव्हमध्ये स्वतःचं साहित्य न्या: रात्रीच्या प्रसंगाचा, सबटायटल असलेला एक व्हिडिओ, फोनवर काढलेला घरच्या माणसांचा फोटो आणि एकसारख्या करड्या रंगाचं एक चित्र. सबटायटलभोवती वलय किती ते पहिल्यात दिसेल. फोटोत आईच्या साडीचा रंग ओळखीचा वाटतो का ते बघा. करड्या चित्रावर डाग, पट्टे, कडेला काळसरपणा दिसला तर तोच डाग पुढे क्रिकेटमध्ये कॅमेरा मैदानावरून सरकताना हिरवळीवर दिसत राहील. मग साधी वाहिनी लावून बघा, कारण कमी प्रतीचं चित्र मोठं करून दाखवण्याची ताकद प्रत्येक टीव्हीची वेगळी असते आणि घरी वापर त्याचाच जास्त होणार आहे. शेवटी दोन-चार पावलं बाजूला सरका, मग खाली वाका. चटईवर बसणाऱ्याला चित्र कसं दिसेल ते तेवढ्याने कळतं.

किमतीचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे त्याआधीच्या छापील किमतीवरून सवलत मोजू नका. दुकानातली आणि ऑनलाइन किंमत पूर्ण मॉडेल क्रमांकाने ताडून बघा, मागचं एक अक्षर बदललं तरी पॅनेल वेगळं असू शकतं. गेल्या वर्षीचं वरचं मॉडेल या वर्षीच्या मधल्या मॉडेलच्या भावात मिळत असेल तर बेधडक घ्या. वॉरंटीत पॅनेल किती वर्षं धरलं आहे आणि बर्न-इन त्यात येतं का, हे लेखी विचारा. वॉरंटी संपल्यावर पॅनेल गेलं तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळ जातो, म्हणून वाढीव वॉरंटीचा पैसा मोठ्या टीव्हीच्या बाबतीत मला वाया वाटत नाही.

पायरी ५: घरी आल्यावर, आणि आपला उन्हाळा

खोका फोडताना पहिल्यापासून व्हिडिओ काढा. माणूस इन्स्टॉलेशनला आला की उंची तुम्ही सांगा. सोफ्यावर बसल्यावर डोळे पडद्याच्या मध्याच्या आसपास यायला हवेत, म्हणजे पडद्याचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांच्या जवळपास. दरवाजाच्या चौकटीइतका वर टांगला तर मान तर दुखतेच, व्हीएचे रंगही खालून उतरतात.

बऱ्याच टीव्हींच्या पुस्तिकेत वापराची तापमान मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. मे महिन्यात नागपुरात बाहेर ४५ अंश होतं, तेव्हा वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची बंद खोली ही मर्यादा ओलांडू शकते. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर टीव्ही टाळता आला तर टाळा. सुताराकडून चारही बाजूंनी बंद, मागे हवा न खेळणारा कप्पा बनवून घेऊ नका. कूलरचा झोत थेट टीव्हीवर येऊ देऊ नका, कारण हवेबरोबर ओलावा आणि पाण्यातले क्षार दोन्ही जातात. पडद्यावर डाग दिसलाच तर कोरडं मऊ मायक्रोफायबर फडकं, कोलीन किंवा स्पिरिट अजिबात नाही.

बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, तेव्हा वेगळा स्टॅबिलायझर सहसा लागत नाही. चांगला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका अडवणारा) आणि व्यवस्थित अर्थिंग मात्र लागतंच. ओलेड घेतला असेल तर घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट सांगून ठेवा: रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. हा टीव्ही रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये आपल्या ठिपक्यांची झीज समतोल करण्याचं काम करतो, वीज तोडली तर ते राहून जातं.

याला अपवाद एकच, विजांचा. रोहिणीत आणि मृगात आभाळ कडाडायला लागलं की प्लग काढा, आणि त्याचबरोबर सेट टॉप बॉक्सची डिशकडून येणारी वायर आणि इंटरनेटची केबलही काढा. नुसता प्लग काढून भागत नाही, या वायरींमधूनही झटका थेट टीव्हीपर्यंत पोहोचतो.